बाहेरचा पडदा

कुशाबा घाडींचा आवाज गेला तेव्हा डिलाईल रोडच्या त्यांच्या चाळीत सुरुवातीला काही दिवस लोकांना करमेना. माझगावच्या गोदीत खालून क्रेनवाल्याला हाका मारण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलेलं. घरी प्यायला पाणी मागितलं तरी वरच्या मजल्यावरचा माणूस उठून माठाकडे जायचा. मग घशात कर्करोग निघाला, परळच्या इस्पितळात स्वरयंत्र काढून टाकलं, आणि गळ्यावरच्या भोकाला पांढरा रुमाल लावून कुशाबा घरी आले.

मुलाने, अवधूतने, पाटी आणली. पण पाटीवर लिहून होईस्तोवर विषय पुढे निघून जायचा. "आमटीत मीठ नाही" हे लिहून पुरं व्हायचं तेव्हा ताटं घासायला गेलेली असायची. लोक खांद्यावरून वाकून अर्धं वाक्य वाचायचे आणि उरलेलं आपणच पुरं करायचे. एकदा त्यांनी "मला जरा" एवढंच लिहिलं होतं, तर शेजारच्या भिवाने त्यांना दंडाला धरून संडासापर्यंत नेऊन सोडलं. कुशाबांना पंखा लावायला सांगायचं होतं.

अवधूतने घडीचा मोबाइल बघितला तो ऑफिसातल्या एका साहेबाकडे. वहीसारखा उघडणारा. आत मोठा पडदा, बाहेरच्या अंगाला दुसरा. दादरच्या दुकानात तो गेला तेव्हा विक्रेत्याने कॅमेरा सांगितला, गेम सांगितले, "सर, पिक्चर बघायला तर एक नंबर" हेही सांगितलं.

"ते सगळं राहू दे," अवधूत म्हणाला. "आत एक माणूस लिहितोय आणि समोर बसलेल्याला ते बाहेरच्या पडद्यावर वाचता येईल का, तेवढं सांग."

विक्रेत्याला हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. त्याने आणखी दोघांना बोलावलं. शेवटी तसं एक ॲप सापडलं.

कुशाबांनी पहिल्याच दिवशी मोबाइल छातीशी उघडा धरला, आतल्या मोठ्या पडद्यावर बोटाने अक्षरं काढली आणि कोपऱ्यातलं बटण दाबलं. समोर बसलेल्या गंगूबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, बाहेरच्या पडद्यावर ठळक अक्षरांत दिसलं : "चा आण."

"एवढ्यासाठी एवढो मोठो फोन!" असं म्हणत गंगूबाई उठल्या, आणि आत जाऊन बराच वेळ चहा काही आणलाच नाही. डोळे पुसून मग आणला.

आता कुशाबा बोलू लागले. कुणी वाकत नव्हतं, समोरासमोर बसून लोक वाचत होते, आणि मुख्य म्हणजे कुशाबांना पुन्हा भांडता येत होतं. पण त्यांना आणखीही एक सवय होती, आवाज असल्यापासूनची. समोरच्याशी बोलून झालं की तोंडातल्या तोंडात पुटपुटायचं. ते पुटपुटणंही आता मोबाइलवर आलं. बटण न दाबता ते मनातलं लिहायचे, स्वतःशीच मान हलवायचे आणि पुसून टाकायचे.

एवढा रुंद मोबाइल धरताना अंगठा नेमका कोपऱ्यावर पडायचा. असाच एकदा पडला आणि 'बटण दाबल्यावर दाखवा'च्या जागी 'लिहिताना दाखवा' चालू झालं. कुशाबांना पत्ता नाही. आतून दोन्ही सारखंच दिसायचं.

पहिला प्रसाद भिवाला मिळाला. तो रोजच्यासारखा पेपर घेऊन चहाला येऊन बसला होता. कुशाबांनी रीतसर लिहिलं, "बस, भिवा." मग जरा वेळाने पुटपुटले. समोर भिवाला दिसलं : "इलो चायवर टपलेलो बोको."

भिवाने चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चहा प्यायला आणि उठून गेला. दुसऱ्या दिवशी मात्र तो हजर. तिसऱ्या दिवशी आपल्या बायकोलाही घेऊन आला. हळूहळू चाळीतली बरीच मंडळी तब्येतीची चौकशी करायला येऊ लागली. येणारा बरोबर समोरच्या खुर्चीत बसायचा, दुसऱ्या कुणाचा तरी विषय काढायचा आणि पडद्याकडे बघत राहायचा. कुशाबांना वाटलं, आजारपणामुळे माणसं जवळ आली.

अशातच मनवाच्या होणाऱ्या सासरची माणसं यायचा दिवस उगवला. मनवा ही कुशाबांची धाकटी. तिच्या ऑफिसातल्या उन्मेष चित्रेशी तिचं जमलं होतं. दोन्ही घरांची हरकत नव्हती, तारीख तेवढी ठरायची होती. उन्मेष आपल्या आईवडिलांना घेऊन आला. आई मृणालिनीबाई शांत होत्या. वडील शरच्चंद्र चित्रे दादरचे, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, आणि निवृत्तीनंतर त्यांच्या बोलण्याला ऑफिसची वेळ उरली नव्हती.

"अरे वा, फोल्ड!" खुर्चीत बसता बसताच ते म्हणाले. "मला घ्यायचाच आहे हा. एका बाजूला शेअर मार्केट, दुसऱ्या बाजूला क्रिकेट. मध्ये घडीची रेघ दिसते का हो? नाही, तुम्ही चालू द्या, मी आपला लांबूनच बघतो." आणि खुर्ची पुढे ओढून ते बाहेरच्या पडद्याकडे टक लावून बसले.

कुशाबांनी लिहिलं, "लग्न लवकर करूया."

"छे छे, घाई कसली? हॉल आमच्या मनातला आहे, त्याची पुढच्या वर्षाशिवाय तारीख नाही. मी जेव्हा झोनल ऑफिसला होतो ना, तेव्हा एका कार्यक्रमासाठी..."

झोनल ऑफिसची गोष्ट सुरू झाली. त्यातून बदलीची निघाली, बदलीतून बंगल्याची, बंगल्यातून तिथल्या माळ्याची. गंगूबाई आत पोहे परतत होत्या. अवधूत नम्रपणे माना डोलावत होता. कुशाबांनी खाली बघून स्वतःशी लिहिलं. समोर उमटलं : "पोरगो बरो आसा. बापूस मात्र रेडिओ."

माळी मध्येच थांबला. शरच्चंद्रांनी घसा खाकरला. कपाळाला आठी पडली. मृणालिनीबाईंनीही वाचलं होतं. त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि सून येण्याआधीच त्यांना हे घर आवडून गेलं.

"तर काय सांगत होतो," शरच्चंद्र जरा कडक आवाजात म्हणाले, "पुढच्या वर्षाआधी जमणार नाही. आम्हालाही चार लोकांना तोंड दाखवायचंय."

कुशाबांनी मान खाली घातली. बोट हळूहळू फिरत होतं. या वेळी अक्षरं एकेक करून समोर आली : "गाठ परत इली. लगीन होईसर कोणाक कळता नये."

शरच्चंद्र वाचत राहिले. मग बायकोकडे झुकून हळूच विचारलं, "इली म्हणजे?"

"आली," मृणालिनीबाई म्हणाल्या.

मनवा चहाचा ट्रे घेऊन त्यांच्या खुर्चीमागे उभी होती. तिनेही वाचलं. तिने ट्रे जपून टेबलावर ठेवला, कपाचे कान पाहुण्यांच्या हाताकडे वळवले, आणि आत गेली. कुशाबांनी लिहिलेलं पुसून टाकलं आणि पाहुण्यांकडे बघून हसले.

शरच्चंद्र चित्रे गप्प बसलेले त्यांच्या मुलानेही कधी पाहिले नव्हते.

"बाबा, काय झालं?" उन्मेषने विचारलं.

"काही नाही." त्यांनी कप उचलला, न पिताच खाली ठेवला. "घाडी, मी काय म्हणतो, हॉलबिल राहू दे. आमच्या सोसायटीची गच्ची मोठी आहे. पुढच्या महिन्यात उरकून टाकू."

कुशाबा चकित झाले. त्यांनी लिहून बटण दाबलं, "तुमच्या लोकांका काय सांगशात?"

"सांगेन, मुलीचे वडील फार हट्टी आहेत म्हणून."

पाहुणे गेल्यावर मनवाने अवधूतला गॅलरीत नेऊन सांगितलं. अवधूत आत आला, वडिलांच्या हातातून मोबाइल घेतला, त्यांच्याकडे बाहेरचा पडदा केला आणि आत लिहिलं, "कधीपासून?"

कुशाबांनी तो शब्द वाचला. बटणाला बोट न लावता तो समोर आला होता. त्यांनी मोबाइल उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं आणि आठवड्याभरात तिथे कोणकोण बसून गेलं ते त्यांना आठवू लागलं. त्यांचे कान लाल झाले.

"भिवाक ठावक होता?" त्यांनी लिहिलं.

अवधूतने दारातून भिवाला हाक मारली. भिवा उंबऱ्यातच थांबला.

"काका, तुम्ही सांगितलं का नाही?"

"कशाक सांगू?" भिवा म्हणाला. "सांगितलं असतं तर हा गप झाला असता. शिवी तर शिवी, पण आवाज त्याचाच होता रे."

तेवढ्यात गंगूबाई उरलेल्या पोह्यांची कढई घेऊन बाहेर आल्या. "सगळे असे काय बसलात? तारीख ठरली मां?" त्यांनी एकेकाचं तोंड बघितलं, शेवटी नवऱ्याच्या गळ्यावरचा रुमाल बाजूला केला आणि स्वतःच्या बोटांनी गाठ चाचपून पाहिली. कढई तशीच दुसऱ्या हातात होती.

दुसऱ्याच दिवशी इस्पितळ गाठलं. डॉक्टर म्हणाले, आता कापण्यासारखं नाही, औषधं देऊ. लग्न ठरल्याप्रमाणे गच्चीवर झालं. कुशाबा नवं धोतर नेसून खुर्चीत बसले होते, आणि पंगतीत कुणाला काय वाढायचं राहिलंय हे मोबाइल उंच धरून सांगत होते.

पण एक गोष्ट बिघडली होती. लिहिलेलं सगळं बाहेर दिसतं हे कळल्यापासून कुशाबा पुटपुटायचे थांबले होते. अवधूतने ते 'लिहिताना दाखवा' बंद करून दिलं, तरी त्यांचा विश्वास बसेना. लग्नानंतर त्यांना इस्पितळात ठेवावं लागलं, आणि तिथे ते भलतंच गोड बोलू लागले. "बरं वाटतंय." "त्रास नाही." "आपण आलात, आनंद झाला." मालवणीसुद्धा सोडून दिली. नर्सला 'धन्यवाद' लिहायचे. भिवा भेटून आला तो चाळीच्या जिन्यातच बसला. "मला 'आपण' म्हणाला," तो म्हणाला. "काय खरं नाय."

शरच्चंद्र चित्रे रोज दुपारी यायचे. एके दिवशी कुशाबांनी सकाळपासून काहीच लिहिलं नव्हतं. मोबाइल अर्धा उघडा छातीवर पडलेला, डोळे मिटलेले. गंगूबाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. शरच्चंद्र स्टुलावर बसले. तब्येतीचं एक अक्षर विचारलं नाही.

"व्याही," त्यांनी सुरुवात केली, "मी झोनल ऑफिसला असतानाची गोष्ट आहे."

त्यांनी झोनल ऑफिस पहिल्यापासून सांगितलं. फायलींची कपाटं कुठे होती ते सांगितलं. मिळालेली बढती सांगितली, न मिळालेली त्याहून सविस्तर सांगितली. बंगल्याच्या खिडक्या, माळ्याची मुलं, माळ्याच्या मेव्हण्याचं लग्न. नर्सने दोनदा बघितलं. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटने उशी कानावर घेतली. शरच्चंद्रांचा घसा बसत आला, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण ते थांबेनात. मेव्हण्याच्या वरातीत घोडा बुजल्याचं ते सांगत होते तेव्हा कुशाबांचं बोट हललं. सावकाश आतल्या पडद्यावर फिरलं. मग कोपऱ्याकडे गेलं आणि त्यांनी बटण दाबलं.

बाहेर उमटलं : "गप रवा मरे! कान किटले."

शरच्चंद्र तडक उठून बाहेर धावले.

"वहिनी! वहिनी, बोलले!"

"काय म्हणाले?" गंगूबाई घाबऱ्याघुबऱ्या उभ्या राहिल्या.

"मला म्हणाले, गप राहा मेल्या!" ते रुमालाने तोंड पुसत होते. हसत होते की रडत होते ते त्यांनाही कळत नव्हतं. "कान किटले म्हणाले माझ्या बोलण्याने!"

गंगूबाई पुन्हा बाकावर टेकल्या. पदराच्या टोकाने त्यांनी डोळे कोरडे केले.

"मगे आज काय होऊचा नाय तेंका," त्या म्हणाल्या, आणि पेजेचा डबा घेऊन आत गेल्या.

त्या दिवसापुरतं तरी त्यांचं म्हणणं खरं ठरलं.