लाल ठिपका

आंबागडच्या पुंडलिकरावांनी जावयाच्या, रिमोटवर उडवायच्या छोट्या विमानाचे इंजिन उघडले, त्याला कारण असे काही नव्हते. मागच्या वर्षी दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेला जावई अश्विन ते त्यांच्याकडे ठेवून गेला होता आणि वर्षभर ते कपाटावरून त्यांच्याकडे बघत होते. धानाच्या मळणीयंत्रापासून विहिरीवरच्या पंपापर्यंत गावातले एकही यंत्र पुंडलिकरावांनी सोडले नव्हते. मग या मुठीएवढ्या फोर-स्ट्रोक इंजिनानेच काय घोडे मारले होते?

दिवाळीच्या आधी त्यांनी ते खोलले, सुटे भाग पुसून परातीत मांडले. लक्ष्मीपूजनाला त्यांच्या बायकोने, कौशल्याबाईंनी, विळा-कुदळीसोबत ती परातही पूजेत ठेवली.

मंडईचा दिवस उजाडला, म्हणजे लेक-जावई येणारच. जावयाची वस्तू सासऱ्याने बिघडवली, हे त्या गर्दीत पसरले असते तर पुंडलिकरावांना तोंड लपवायला गावच्या किल्ल्यावर जावे लागले असते. ते सकाळीच ओसरीवर जोडणीला बसले. पिस्टन पार वर आणायचा आणि कॅमशाफ्टच्या दातेरी चाकावरचा ठिपका सरळ खाली ठेवायचा, म्हणजे झडपा वेळेवर उघडतात, हे त्यांनी मोबाइलवर बघून ठेवले होते. ठिपका चांगला लालभडक होता.

"कंपनी हुशार आहे," ते म्हणाले. "म्हाताऱ्याले बी दिसला पाह्यजे."

सगळे जोडून, प्लगला बॅटरी लावून त्यांनी इंजिनाच्या पंख्याला झटका दिला. इंजिन शिंकले. कार्बोरेटरमधून तेलाची पिचकारी उडाली ती नेमकी चकल्यांच्या डब्यात, आणि पंखा उलटा येऊन त्यांच्या बोटावर बसला.

"काय करून राहिले जी?" कौशल्याबाई धावत आल्या.

"इंजिन फिरवून राहिलो."

"तेच तुमाले फिरवून राहिलं."

पुंडलिकरावांनी इंजिन पुन्हा खोलले, लाल ठिपका पुन्हा काटेकोर खाली ठेवला. पुन्हा शिंक, पुन्हा बोट. तेवढ्यात लेकीचा, गुंजनचा, फोन आला. "बाबा, आमी तुमसर सोडलं. यांच्या इंजिनले हात नाही ना लावला? हे सारखे म्हणतात, बाबानं खोललं असन."

"मी कायले हात लावू?" चिंधी बांधलेले बोट मागे लपवत पुंडलिकराव म्हणाले. फोनवर बोट दिसत नाही, हे त्यांच्या नंतर लक्षात आले.

इंजिन तिसऱ्यांदा खोलले तेव्हा चकल्या निवडत बसलेल्या कौशल्याबाईंनी मान वाकडी करून चाकाकडे पाहिले. "अजी, पूजेचं कुंकू पुसलं नाही का तुमी?"

"कोणतं कुंकू?"

"मी लावलेलं. तेलावर चांगलं चिकटलं पाहा."

पुंडलिकरावांनी फडके फिरवले. लाल ठिपका गेला. त्याच्यापासून चार दाते सोडून, टोच्याने मारल्यासारखा बारीक ठिपका दिसला. तो खरा. त्यांना हसावे की रडावे कळेना.

"तू नेमकं तिथंच काहून लावलं?"

"पूजा करू का दाते मोजू?"

त्यांनी खरा ठिपका खाली आणला आणि झाकण बसवले. शेवटचा स्क्रू आवळला तोच दारात गाडी थांबली. गुंजन कमरेवर हात ठेवून आत आली, मागून अश्विन. आता लपवण्यात अर्थ नव्हता. पुंडलिकरावांनी मनात माफीची वाक्ये जुळवली आणि पंख्याला एक झटका दिला.

टर्रर्र करून इंजिन जे सुरू झाले ते थांबेचना. अंगणातली धूळ उडाली, मंडईला निघालेली माणसे कुंपणाशी गोळा झाली, कोणीतरी शिटी वाजवली. पुंडलिकरावांची छाती फुगली.

"तुमी तर म्हणत होते बाबानं बिघडवलं," असे नवऱ्याला सुनावून गुंजन आईकडे गेली.

अश्विनचा चेहरा मात्र उतरला होता. तो सासऱ्यांच्या कानाशी आला. "मामाजी, हे सुरू कसं झालं? मागच्या साली मीच खोललं होतं. झडपांचं टायमिंग काही जमलं नाही, म्हणून बंद करून इथं ठेवून दिलं. गुंजनले सांगू नका."

पुंडलिकरावांनी जुळवलेली माफी गिळली. जावयाच्या खांद्यावर त्यांनी चिंधीचा हात ठेवला.

"नाही सांगत. पण जवाईबापू, आता याले पुन्हा हात लावत जाऊ नका. काही झालं तर मले इचारा."

"हो, मामाजी," इंजिनाचा मालक म्हणाला.