बारा हजारांनी पाहिलेली पकड

आमगावच्या मैदानावर कबड्डीची फायनल संपली, कप देऊन झाला, पंचांच्या हातात चहा आला आणि मग उमेंद्र आला. उमेंद्र म्हणजे ‘झटपट गोंदिया’ या मोबाइल-चॅनलचा मालक, वार्ताहर आणि कॅमेरामन. सकाळपासून ‘फायनल लाईव्ह!’ म्हणून ओरडत होता आणि ऐन वेळी रेल्वे फाटकात अडकला.

“संपली? काऊन संपवली बे?”

“तुही मालगाडी जायची वाट पाहत बसू का?” आमगावचा रेडर लोकेंद्र म्हणाला. शेवटच्या रेडमध्ये फुलचूरचे कॅप्टन मनिरामभाऊ यांना हात लावून त्यानंच एका गुणानं मॅच काढली होती.

“तेच रेड परत कर नं, दादा! बारा हजार लोक वाट पाहून राहिले!”

“करू नं!” मनिरामभाऊच पुढे आले. हरूनही खुशीत होते. कारण घरात बायकोची, रामबाईंची अट होती, “एकदा कप जिंका, मंग खेळणं बंद.” तेव्हापासून सात फायनलमध्ये शेवटच्या मिनिटाला भाऊंचा पाय घसरला होता. लोक हळहळत, आणि भाऊ पुढच्या वर्षाची चड्डी शिवायला टाकत.

“मी हात लावून घेतो, तू पळ.”

लाईव्ह सुरू झालं. पब्लिक धावत आलं, शिट्ट्या सुरू! लोकेंद्र कॅमेरा पाहून जरा जास्तच नाचला. भाऊंच्या नाकापुढे त्यानं चुटकी वाजवली. खऱ्या रेडमध्ये ही चुटकी नव्हती. भाऊंचं भान सुटलं. त्यांनी झेप घालून घोटा धरला आणि वरून सहा जण कोसळले!

“पकड! फुलचूर चॅम्पियन!” उमेंद्र बेंबीच्या देठापासून किंचाळला.

“अबे, मी जिंकलो होतो!” ढिगाखालून लोकेंद्र ओरडला.

तेवढ्यात भाऊंचा फोन वाजला. “अजी, पाह्यलं मी!” रामबाई. “आरती लावून राहिली. या लौकर.”

भाऊंचा चेहरा उतरला. “उमेंद्र, सांग बावा, आमी हरलो!”

उमेंद्रनं बातमी टाकली: ‘जिंकूनही म्हणतो हरलो! केवढी नम्रता!’

“नम्रता गेली खड्ड्यात! खरंच हरलो!” भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं.

‘मनिरामला आनंदाश्रू अनावर!’

“घरी काय सांगू गा आता?”

‘निवृत्तीचा निर्णय कुटुंबाशी बोलून!’

भाऊंनी पुरावा म्हणून लोकेंद्रलाच कपासकट मोटारसायकलवर बसवलं आणि फुलचूर गाठलं. नाक्यावर डीजे, गुलाल! “हा कप माहा आहे!” लोकेंद्र कप उंच धरून ओरडत होता, पण डीजेपुढे कोण ऐकतो? मागून उमेंद्र होताच: ‘पराभूत लोकेंद्र स्वतः कप पोचवायला आला!’ पोरांनी लोकेंद्रला खांद्यावर घेतलं. गळ्यात तिसरा हार पडल्यावर तोही वाद घालायचा थांबला.

दारात रामबाईंनी ओवाळलं.

“ऐक नं,” भाऊ पुटपुटले, “ते दुसऱ्यांदा केलेलं होतं.”

“मले मालूम आहे जी. लाईव्हमंदी तुमच्या मागं पंच चहात बिस्कीट बुडवून राहिला होता. अर्धं पडलं बी.”

“मंग?”

“मंग काय? सात वर्सं तुमचा पाय कसा घसरते, ते मी एकलीनं वळखलं. ही पकड बारा हजारांनी पाह्यली.”

त्यांनी लोकेंद्रच्या एका हातात लाडू ठेवला, दुसऱ्यात कप नीट धरवला. “घे बापा, तुहा आहे. घेऊन जा.”

‘जिंकलेला कप हरलेल्याला! फुलचूरच्या दांपत्याचं मोठं मन!’ या बातमीला पहिला लाइक लोकेंद्रनंच दिला.

मग रामबाईंनी भाऊंपुढे हात पसरला. “काढा गुडघ्यावरच्या पट्ट्या.”

भाऊंनी सुटायचा शेवटचा प्रयत्न केला. “एकदा पंचाले इचारून पाहू का?”

“इचारा नं,” रामबाई म्हणाल्या. “आता चहा पिऊन झाला असंल त्याचा.”