बाबलीभाऊंचं गाऱ्हाणं आणि खाणीवरचं चुंबक

चवथीच्या आधीच्या रविवारी घरात सगळ्यांना कामं वाटून झाली आणि गोकुळदासाच्या वाट्याला काही आलं नाही, तिथून हे सगळं सुरू झालं.

अगदीच आलं नाही असं नाही. "तुमी माटोळीचें पळयात," असं कमलनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, सांगितलं होतं. पण माटोळी ही गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची चौकट. तिचं सामान आदल्या दिवशी बाजारातून आणायचं. आठवडाभर आधी आणलं तर गणपती येईपर्यंत त्याचं खत होतं. तेव्हा 'माटोळीचं बघा' याचा अर्थ 'आज मध्ये मध्ये करू नका' एवढाच होता, आणि तो गोकुळदासाला बरोबर समजला.

कमल चिंच लावून समया घासत होती. आई, पद्मावतीबाई, वाती वळत बसल्या होत्या. लहानगी सिद्धीसुद्धा ओल्या फडक्यानं देवांचे फोटो पुसत होती. घरातला कर्ता पुरुष आणि त्याच्याच हाताला काम नाही, हे काही बरं दिसत नव्हतं. त्याची नजर फिरत फिरत शोकेसवरच्या टेपरेकॉर्डरवर गेली.

"हांव टेप साफ करतां," तो म्हणाला.

कमलचा हात समईवरच थांबला. "कित्याक? बरो वाजता न्हय तो?"

"वाजता. पूण भितर धुल्ल आसतली."

"आसूं दियात. कोणाक आड येना ती."

कमलच्या भीतीला इतिहास होता. गोकुळदासानं रेडिओ साफ केला तेव्हापासून पणजी केंद्राच्या जागी धारवाड लागत होतं, आणि आई रोज संध्याकाळी न समजणारी कन्नड भजनं हात जोडून ऐकत होती. पंखा साफ केल्यावर तो वारा वर, कौलांकडे फेकू लागला. मिक्सरबद्दल त्या घरात कोणी बोलत नसे. (पाटा-वरवंटा परत बाहेर काढला होता, तेवढं पुरे.) पण त्याचाही काही अगदीच दोष नव्हता. डिचोलीच्या बाहेर, खनिजाचे ट्रक जेटीकडे जातात त्या रस्त्याला लागून घर. पावसात खाण बंद, ट्रक बंद. पण आठ महिने घरात शिरलेली तांबडी धूळ काही पावसाला भिऊन बाहेर जात नाही.

आई वातींवरून नजर न काढता म्हणाली, "टेपाचें कितें जाय तें कर. भाऊंची कॅसेट मात सांबाळ."

ही कॅसेट म्हणजे त्या घराची ठेव होती. गोकुळदासाचा धाकटा भाऊ महादेव वास्कोला बंदरात कामाला. तो टेपरेकॉर्डर त्यानंच एका खलाशाकडून मिळवून आणलेला, आणि आणल्यावर पहिल्याच चवथीला गंमत म्हणून त्यानं वडिलांचं गाऱ्हाणं भरून ठेवलं. वडील, म्हणजे बाबलीभाऊ, गाऱ्हाणं घालायला उभे राहिले की शेजारपाजारची माणसं आपापल्या आरत्या आटपून ऐकायला यायची. गाऱ्हाणं म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यानं देवाशी मोठ्यानं केलेली बोलणी. एकानं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला एका सुरात 'होय म्हाराजा' म्हणायचं, म्हणजे देवाला नाही म्हणायला जागाच उरत नाही. भाऊ अर्धं मराठीत मागत, अर्धं कोंकणीत. (राजभाषा कोणती, यावरून त्या वर्षांत डिचोलीच्या बाजारात माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती, भाऊंचा गणपती दोन्ही ऐकून घेई.)

भाऊ गेल्यावरच्या पहिल्या चवथीला थोरला मुलगा म्हणून गोकुळदास उभा राहिला. 'बा देवा म्हाराजा' एवढं म्हणाला आणि पुढचं त्याला आठवेना. म्हणून परत म्हणाला, 'बा देवा म्हाराजा.' लोकांनी दोन्ही वेळा 'होय म्हाराजा' म्हटलं, पण मागणं काही पुढे आलं नाही. शेवटी महादेवानं हळूच कॅसेट लावली, आणि तेव्हापासून भाऊच गाऱ्हाणं घालत आले.

त्या कॅसेटमध्ये भाऊंचा खोकला होता. आणि मध्येच एका ठिकाणी देवाशी बोलता बोलता ते बायकोला म्हणाले होते, "गो, दिव्यांत तेल घाल." दर चवथीला ते वाक्य आलं की पद्मावतीबाई उठत आणि समईत तेल घालत. समई भरलेली असली तरी घालत. वर्षातून एकदा नवरा तिच्याशी बोलत असे, आणि तेवढ्यावर ती उरलेलं वर्ष काढत असे. एरवी ती कॅसेट कोणी लावायची नाही, असा तिचा हुकूम होता. आवाज झिजेल म्हणून.

तर 'कॅसेट सांबाळ' हे गोकुळदासानं फार मनावर घेतलं.

टेपरेकॉर्डर उघडला तर आत खरंच धूळ. फडक्यानं निघेना, आणि फुंकर मारली तर ती सगळी तोंडावर आली. मग त्यानं डोकं चालवलं. (कमल म्हणते तिथंच चुकलं.) ही धूळ म्हणजे काय? लोखंड. आणि लोखंड काढायचं कसं, हे खाणीवरच्या वर्कशॉपात जन्म काढलेल्या माणसाला कोणी सांगायला नको. पट्ट्यावरून खनिज जातं तेव्हा त्यात पडलेले नटबोल्ट ओढून घ्यायला वर एक दांडगं चुंबक टांगलेलं असतं. पावसाळ्यात पट्टा बंद, चुंबक उतरवून कोपऱ्यात ठेवलेलं. त्याच्या जोडीचं एक लहान चुंबक गोकुळदासानं सोमवारी साहेबाला विचारून पिशवीत घातलं.

ते आणताना कंपनीच्या बसमध्ये दाराजवळच्या दांड्याला चिकटलं. उतरायची वेळ आली तरी सुटेना. ड्रायव्हर आणि आणखी दोघे गोकुळदासाची कंबर धरून ओढत होते, गोकुळदास चुंबक धरून ओढत होता, आणि डिचोलीच्या स्टँडवरची माणसं बस पुढे जायची वाट बघत होती. चुंबक सुटलं, गोकुळदासाच्या मनगटावरचं घड्याळ मात्र त्याच दिवसापासून बंद पडलं. एवढ्यावर एखाद्याला शंका आली असती. गोकुळदासाला चुंबकाच्या ताकदीचं कौतुक वाटलं.

घरी त्यानं ते टेपरेकॉर्डरच्या पोटात फिरवलं. धूळ भराभरा येऊन चिकटली. एवढं यश त्याला मशीनच्या बाबतीत आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. आणि मग त्यानं भाऊंची कॅसेट उजेडात धरून पाहिली.

आतली रिबीन तांबूस-तपकिरी होती. अगदी खनिजाच्या रंगाची.

इतकी वर्षं भाऊंचा आवाज या धुळीखालून येत होता, आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं! कॅसेटच्या कव्हरवर बारीक चित्र होतं, तेही चक्क चुंबकाचं. म्हणजे कंपनीही हेच सांगत होती. चित्रावर एक फुली होती, पण ती सिद्धीनं खेळताना मारली असणार. त्यानं चुंबक कॅसेटवरून दोन्ही बाजूंनी सावकाश, भक्तिभावानं फिरवलं. रंग बदलला नाही. धूळ फार जुनी दिसते, असं म्हणून त्यानं परत फिरवलं.

नंतर भजनाची दुसरी कॅसेट लावून पाहिली. टेप खणखणीत वाजला. "पळय," तो कमलला म्हणाला. कमलनं मान डोलावली. तिच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्रक मिळत नसे.

चवथीच्या दिवशी सकाळी गणपती मखरात बसला. आई रांदचेकुडीत, म्हणजे स्वयंपाकघरात, नेवऱ्या (करंज्याच त्या) तळत होती. वास्कोहून महादेव नुकताच पोचला होता. कमल हळूच म्हणाली, "एकदां कॅसेट बारीक आवाजान लावन पळयात. म्हजें मन ऱ्हायना."

त्यानं लावली. आतून नुसतं 'शूऽऽ' आलं.

"सुरवातीक कोरी आसता," गोकुळदास म्हणाला. थोडा वेळ गेला. कॅसेट उलटी केली. तिकडूनही 'शूऽऽ'.

"तुमी कॅसेटीक चुंबक लायिल्लें?" कमलनं विचारलं.

"धुल्ल काडपाक."

"कव्हरार फुली आशिल्ली न्हय?"

"ती सिद्धीन मारल्या."

"हांवें मारूंक ना," सिद्धी म्हणाली.

महादेव पिशवी हातात धरूनच उभा होता. "दादा, ती रिबीन तपकिरीच आसता. ताचेर लोखंडाचीच पूड आसता. आवाज तातूंतच रावता रे."

गोकुळदास खाली बसला. जन्मभर जी तांबडी पूड त्यानं अंगावरून, कपड्यांवरून, ताटावरून झटकली, तिच्यातच भाऊ होते, आणि आपणच ते पुसून टाकले. त्याला रडू येत होतं. पण सणाच्या दिवशी रडता येईना.

आईला सांगायला तो आत गेला. तिनं नवं लुगडं नेसलं होतं. झारा हातात धरून तिनं वळून पाहिलं.

"कॅसेट काडून दवरल्या मरे? भाऊंचें गाऱ्हाणें जालें की हांव जेवतां."

"काडल्या," गोकुळदास म्हणाला आणि बाहेर आला.

दुपारी आरती संपता संपता वीज गेली. (गोकुळदासानं देवाकडे त्या दिवशी मागितलेलं तेवढंच एक मिळालं.) "आतां कशें?" म्हणत त्यानं दुःखी चेहरा केला. तेव्हा आई म्हणाली, "महादेवाचे बॅटरींतले सेल घाल." महादेवानं मान खाली घालून सेल काढून दिले. सगळे हात जोडून उभे राहिले, शेजारचेही आले, आणि गोकुळदासानं बटण दाबलं.

शूऽऽ.

मागून एका म्हाताऱ्यानं सवयीनं 'होय म्हाराजा' म्हटलं. आई डोळे मिटून उभी होती. बऱ्याच वेळानं, कॅसेटमध्ये ते वाक्य जिथं यायचं तिथं, तिनं डोळे उघडले, पुढे झाली आणि समईत तेल घातलं. मग तिनं गोकुळदासाकडे पाहिलं. त्याचा चेहरा पाहून तिला कोणी काही सांगायची गरज उरली नाही.

"टेप बंद कर," ती म्हणाली. "आतां तूं उलय."

"म्हाका येना, आई."

"येता तितलें सांग ताका. तो काय परको न्हय."

गोकुळदासानं हात जोडले. "बा देवा म्हाराजा."

"होय म्हाराजा!"

"ह्या घरांत आमचे भाऊ तुका गाऱ्हाणें घालताले."

"होय म्हाराजा!"

"तांचो आवाज कॅसेटींत आशिल्लो. तो म्हज्या हातान पुसून गेलो."

शेजाऱ्यांना हे नवीन होतं. पण सवय कोणाला सुटते? "होय म्हाराजा!"

"हांव पिसो, म्हाराजा."

"होय म्हाराजा!" हा होकार दणकून आला, आणि त्यात कमलचा आवाज वेगळा ओळखू येत होता.

"म्हाका कोणें सांगूंक नाशिल्लें."

यावर एकानंही होय म्हटलं नाही. कमल खाकरली.

"म्हणजे... सांगिल्लें, म्हाराजा."

"होय म्हाराजा!"

"आईक वर्सांतल्यान एकदां भाऊ आयकूंक मेळटाले," गोकुळदास समईकडे बघत म्हणाला. "तेंय हांवें काडून व्हेलें."

पुढे काय मागायचं ते त्याला सुचेना; क्षमा मागायची तर तोंड होईना. तेव्हा आई त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. इतकी वर्षं ऐकून ऐकून भाऊंची लय तिच्या जिभेवर बसली होती.

"बा म्हाराजा, ह्या म्हज्या चल्याक क्षमा कर. बापूय गेल्याउपरांत आज पयले खेप तो तुजेमुखार उलयलो, तें मानून घे."

"होय म्हाराजा," माणसं हळू आवाजात म्हणाली. महादेवानं डोळे पुसले.

"आनी हाचेफुडें," आईचा आवाज चढला, "खंयचेंय मशीन साफ करपाची बुद्द ताका जल्मांत दिवं नाका रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" असा गजर झाला की पलीकडच्या घरातून, काय मागितलं ते न कळताही, आणखी चारदोन होकार आले. गोकुळदासाचे डोळे मिटलेले होते, हात जोडलेले होते, मन अगदी भरून आलं होतं. सगळे थांबल्यावर त्याला कळलं की सगळ्यांत मोठ्यानं तोच ओरडला होता.