पारव्याचा दाखला

आमच्या घाटावर दहाव्याच्या पिंडाला शिवायचं काम दोन वर्षांपासून कावळ्यांकडे नाही, पारव्यांकडे आहे. मी नगरपालिकेचा घाट-कारकून. कोण शिवलं, किती वाजता शिवलं, हे लिहून दाखल्यावर शिक्का मारायचा, एवढंच माझं काम.

आधी हे काम कावळ्यांच्या मंडळाकडे होतं आणि ते कामाला चोख होते. गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलेलं असेल, तर शिवायचे नाहीत. घरच्यांनी हात जोडून कबूल केलं, की मगच चोच लागायची. कुंभोजकरांच्या दोघा मुलांना तर चार तास उन्हात बसवलं होतं. अंगणातली वाटणीची भिंत पाडतो म्हणाले, तेव्हा सुटले. आणि पाडलीही बरं का. लोक चरफडायचे, पण शब्द पाळायचे.

मग ऋत्विज सामक नावाचे एक गृहस्थ पिंजरा घेऊन आले. म्हणाले, "पारवा एका मिनिटात शिवतो. काही विचारत नाही."

"शास्त्रात कावळा सांगितलाय," गुरुजी म्हणाले.

"कावळा नाही आला तर तुम्ही दर्भाचा करून लावताच ना? हा निदान जिवंत आहे."

गुरुजींनी हातातला दर्भ खाली ठेवला. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं.

सुरुवातीला पारव्यांना फक्त बेवारशी मिळाले. मी कावळ्यांच्या अध्यक्षांना, तात्यांना, सावध केलं. ते कठड्यावर बसून म्हणाले, "फुटकळ कामं आहेत, नेऊ देत. अडलेला पिंड शेवटी आमच्याकडेच येणार." मग ज्यांना रजा मिळत नाही ते पारव्यांकडे गेले, मग परगावचे, मग ज्यांना भिंत पाडायची नव्हती ते सगळे. मंडळ नाकाने कांदे सोलत राहिलं. अडलेला पिंड काही आला नाही, कारण पारव्यापुढे पिंड अडतच नाही. श्रावणाच्या आत मंडळ बरखास्त झालं.

सामक तिथे थांबले नाहीत. त्यांनी नवंच गिऱ्हाईक शोधलं: जिवंत माणसं. मरेपर्यंत वाट कशाला पाहायची? म्हाताऱ्या माणसाला पिंडासमोर बसवायचं, पारवा शिवला की 'इच्छा शिल्लक नाही' असा दाखला हातात. मुलांची नुसती झुंबड उडाली. इतकी वर्षं या गोष्टीवाचून लोकांचं कसं भागलं, कोण जाणे.

एका मंगळवारी माझा धाकटा भाऊ विश्राम आईला घेऊन आला. आईचं एकच मागणं होतं. म्हसवडच्या मावशीशी अठरा वर्षांचा अबोला होता, तो तिला जाऊन मिटवायचा होता. विश्रामला वेळ नव्हता. आणि मी तरी काय दिवे लावले होते? रविवारी जाऊ, रविवारी जाऊ म्हणत तीन वर्षं काढली.

तात्या कठड्यावर होते. मी त्यांच्याजवळ जाऊन हळूच विचारलं, "तात्या, आईचं राहिलंय ना?"

"राहिलंय तर. इथूनही दिसतंय."

"मग हरकत घ्या."

"मंडळ नाही, हरकत कुठली? तुम्ही घ्या की. शिक्का तुमच्याकडे आहे."

मी टेबलाशी परत आलो. पारवा शिवला होता. रांगेत मागे सोळा जण होते. मी शिक्का मारला. लाज वाटली, पण मारला.

पौषात म्हसवडहून फोन आला: मावशीने अंथरूण धरलंय, सारखी ताईचं नाव घेतेय. मी नेमका विश्रामकडेच होतो. आई उठली, पिशवीत लुगडं भरलं, चपला घातल्या.

"आई, कुठे निघालीस?" विश्रामने दाखला काढून तिच्यापुढे धरला. "तुझी काही इच्छा शिल्लक नाही. सरकारी कागद आहे."

आईने कागद लांब धरून वाचला. मग माझ्याकडे पाहिलं.

"शिक्का तुझाच ना रे?"

"हो."

"मग बरोबरच असेल," ती म्हणाली, आणि चपला काढून जागेवर ठेवल्या.