पायरीवरचा सभात्याग

"बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या आज जाणार," बायको म्हणाली. "टेम्पोवाला अकराला येतोय."

सात वेळा निवडून आलेल्या आणि गेल्याच महिन्यात निवृत्त झालेल्या आमदारसाहेबांनी हातातला चहा खाली ठेवला. पस्तीस वर्षं लोक त्या वीस खुर्च्यांवर बसून त्यांची वाट बघत. आता महिनाभर चिटपाखरू फिरकलं नव्हतं, ही गोष्ट खरी. पण उद्या कोणी आलंच तर?

"मी याचा तीव्र निषेध करतो!"

"करा. पण आधी अंघोळ करा."

"मी सभात्याग करतोय!" साहेब गरजले आणि बनियन-पायजम्यावरच तरातरा बाहेर पडले. मागे दार धाडकन बंद झालं, कुलूपही लागलं.

त्याची त्यांना फिकीर नव्हती. सभागृहात हे शेकडो वेळा केलेलं. बाहेर पडायचं, पायऱ्यांवर बसायचं. दहा मिनिटांत एखादा मंत्री मनधरणी करायला येतो, मग थोडे आढेवेढे घेऊन आत जायचं. ते पायरीवर बसले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. घरात मंत्री नसतो, हे तोवर त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं! बरं, दार वाजवावं? छे! सभात्याग केलेला माणूस दार वाजवतो का?

समोरचा शिंपी धावत आला. "साहेब, अशा अवतारात? उपोषण का?"

"उपोषण नाही. निषेध."

शिंप्याला एवढं पुरलं. बघता बघता तीसेक माणसं जमली. कुणी सतरंजी अंथरली, कुणी घोषणा सुरू केली, "साहेबांची मागणी मान्य झालीच पाहिजे!" मागणी काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. साहेबांविरुद्ध निवडणुकीत पाच वेळा पडलेले गुरुजीसुद्धा काठी टेकत आले आणि शेजारी बसले. "जन्मभर भांडलो, पण आज पाठिंबा आहे हो."

साहेबांना भरून आलं. माणसं आली होती, अजून येत होती.

गलका ऐकून बायकोने दार उघडलं. "हे काय मांडलंय?"

"काकू, मागणी मान्य करा!" शिंपी ओरडला.

"कुठली?"

सगळे साहेबांकडे बघू लागले. "खुर्च्या हलवायच्या नाहीत," ते पुटपुटले.

"मग माझंही ऐका," ती म्हणाली. "त्या खोलीत सकाळचं ऊन येतं. पस्तीस वर्षं तिथे लोक बसले आणि मी रोजचा चहा ओट्याशी उभी राहून प्यायले. आता तिथे दोनच खुर्च्या हव्यात. एक माझी. दुसरीवर कोण बसणार, ते यांनाच विचारा."

गुरुजी काठी टेकत उठले.

"मताला टाकू या," गुरुजी म्हणाले. "काकूंच्या बाजूचे, हात वर!"

झाडून सगळे हात वर गेले. गुरुजींचे तर दोन्ही. "पाच निवडणुकांत जमलं नाही," ते हसत म्हणाले, "पण पाडलं साहेब तुम्हाला एकदाचं!"

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. साऱ्या मतदारसंघाचे अर्ज त्यांच्या हातून गेले होते, पण तिने कधी एक अर्ज आणला नव्हता. त्यांना स्वतःचीच लाज वाटली. हळूच त्यांनीही हात वर केला.

इतक्यात टेम्पो येऊन थांबला. "किती न्यायच्या?" टेम्पोवाल्याने विचारलं.

"अठरा," साहेब म्हणाले आणि पहिली खुर्ची उचलायला स्वतःच आत गेले.