दुपारचं न लागणारं कुलूप

भूपेशच्या मते चंद्रपूर आणि गडचिरोली धरून दोन जिल्ह्यांत संगणकाचा गुप्तहेर एकच, आणि तो म्हणजे भूपेश. वरोऱ्याला तीन महिन्यांचा कोर्स, त्यातला एक महिना काविळीत गेलेला. पण नजर अशी, की बंद प्रिंटरही आपल्याला पाहून कबुली देतो, असं तो स्वतःच सांगे. मच्छीमार संस्थेतल्या ऑपरेटर रुपालीला हे ऐकून घ्यावंच लागे, कारण स्वारी म्हणजे अध्यक्षांचा भाचा.

२००४ साली त्यानं संस्थेच्या संगणकात एक प्रोग्राम बसवला. संगणक लॉक आहे की खुला, याची तो दर मिनिटाला नोंद करी. दहा मिनिटं कुणी हात लावला नाही तर लॉक आपोआप पडे, आणि पासवर्ड एकट्या रुपालीला ठाऊक. तरी तिच्या जेवणाच्या तासाभरात रोज एकच नोंद: खुला, खुला, खुला.

"पासवर्ड कोनाले देल्ला?" अध्यक्ष दादाजींनी विचारलं.

"कोनालेच नाई, भाऊ!"

"शनिवारपर्यंत उलगडलं नाई, तं दुसरी पोरगी पाहू."

 या नोकरीसाठी रुपालीनं बापाशी भांडून लग्न वर्षभर लांबवलं होतं.

भूपेश मात्र खुशीत. घुग्घुसहून कुणीतरी फोनच्या तारेतून घुसतो, हा पहिला तर्क. संस्थेचा फोन दिवाळीपासून मेलेला. "म्हनूनच कोनाले संशय येत नाई," तो म्हणाला. दुसरा तर्क माकडाचा. मग त्यानं की-बोर्डवर तांदळाचं पीठ भुरभुरलं. जेवण आटोपलं तरी पीठ जसंच्या तसं, आणि नोंद खुला.

"चोराले बोटंच नाईत!"

"मंग शोध ना बिनबोटाचा मानूस तालुक्यात," रुपाली वैतागली. त्यानं खरंच यादी करायला घेतली.

शनिवारी दादाजी तिला काढायचा कागद घेऊन बसले. भूपेश तर्क सांगत सुटला, इतका वेळ की समोरचा मॉनिटर काळा पडला. झाडलोट करणाऱ्या म्हाताऱ्या रुखमाबाईनं झाडू खाली ठेवला, टेबलाशी येऊन माऊस सरकवला, आणि पुन्हा झाडायला लागली.

पडदा लॉकच्या आधीच काळा पडे, आणि माऊस हलला की लॉकची दहा मिनिटं पुन्हा पहिल्यापासून मोजली जात. तिघंही तिच्याकडे वळले.

"काय पाहून राह्यले? इझलं होतं ना. पोरगी जेवाले गेली का रोजच इझते. तिले बोलनी बसतीन म्हनून हालवून देतो."

दादाजींनी कागद फाडला. भूपेशनं डायरीत लिहिलं, 'संशय हिच्यावरच होता.' रुपालीला हसावं की रडावं कळेना. तिनं म्हातारीचे हात धरले आणि समजावलं, "बाई, काळं पडू देत जा. काही होत नाई."

सोमवारी ती डबा उघडते न उघडते तोच आतून घाबरी हाक आली, "पोरी, इझलं! म्या हात नाई लावला, आता तूच ये!"

बिचारीला असं एकटीला काळजीत ठेवणं काही रुपालीच्यानं झालं नाही. ती उष्ट्या हातानंच धावली.