फुटलेला भिडू

रविवारची जेवणं आटोपून ज्योतीराम गच्चीवर पोचला, तेव्हा त्याच्या जागेवर सलिल बसला होता.

जागा म्हणजे पाण्याच्या टाकीच्या सावलीतला सतरंजीचा कोपरा, समाधानच्या बरोब्बर समोर. मेंढीकोटात भिडू समोरासमोर बसतात, आणि ज्योतीराम-समाधान हे भिडू लग्नाच्याही आधीपासूनचे. दोघं धाराशिवकडच्या एकाच गावातून पोटापाण्यासाठी आले. ज्योतीराम चाकणच्या कंपनीत लागला, समाधानने दिघीत टेम्पोंच्या सीटकव्हरचं दुकान टाकलं. पुढे एकाच इमारतीत घरं झाली, बायका आल्या, पोटं सुटली, पण रविवार दुपारचा भिडू काही बदलला नाही. आणि विरुद्ध लढायला मधुसूदनकाका आणि पद्माकाकू हे निवृत्त शिक्षक जोडपं. ते हरले की एकमेकांचे पेपर तपासल्यासारखे चुका काढत बसायचे.

"आरं ये, ये!" समाधान पत्त्यांतून मान वर न काढता म्हणाला. "तुजा ओव्हरटाइम होता ना दोन रविवार? सलिलला बसवला. एवढा डाव होऊ दे."

तेवढा डाव झाला. मग आणखी एक झाला. चौथ्या डावाला पद्माकाकू म्हणाल्या, "ज्योतीराम, नुसता बसला आहेस तर खालून जरा चहा सांग ना वर्षालीला."

ज्योतीराम चहा सांगायला उठला. जिना उतरताना त्याला मागून समाधानचा आवाज आला, "वा भावा! काय मारलास हुकूम!" आणि त्याचा पाय पायरीवर थबकला. ‘भावा’ हा शब्द समाधानने आजवर पत्त्यांच्या सतरंजीवर फक्त त्याच्यासाठी वापरला होता.

दुखणं आणखी वेगळंच होतं. ह्या सलिलला पत्ते शिकवले होते कुणी? खुद्द ज्योतीरामने! पोरगा मारुंजीची भाड्याची खोली सोडून इथे राहायला आलेला, दिवसभर घरात लॅपटॉपसमोर एकटा. ज्योतीरामलाच दया आली. त्याने त्याला गच्चीवर नेऊन बसवलं आणि समजावलं होतं, "सोपं आहे बघ. चौघं जण, दोन जोड्या. जो रंग उतरला त्याचंच पान टाकायचं. ते नसलं की जे मारशील तो हुकूम. सगळा जीव चार दश्श्यांत. तीन आल्या की जिंकलास, चारी आल्या की मेंढीकोट. दोन-दोन झाल्या, तर ज्याचे हात जास्त तो जिंकला. आणि दश्शी सांभाळायची, तिला उगाच उघड्यावर सोडायची नाही."

एवढं मन लावून शिकवलं, आणि शिष्याने गुरूचा भिडूच पळवला.

चहा टाकता टाकता वर्षालीने नवऱ्याचं तोंड पाहिलं. "काय झालं? समाधानभाऊजींनी दुसरा घरोबा केल्यासारखे काय बसलात?"

"मला काय फरक पडतो? मला छप्पन्न भिडू मिळतील."

"मग त्यातला एक आणा ना. चहाचे कप तरी उचलू लागेल."

हे बोलणं ज्योतीरामच्या डोक्यात बसलं. कपांचा ट्रे घेऊन तो वर गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "चालू द्या तुमचं. मला तसंही आता इथं जमायचं न्हाई. कंपनीत एक नवा भिडू मिळालाय. निरंजन नाव. काय माणूस आहे राव! समोरच्याच्या हातातली पानं डोळ्यांत वाचतो."

समाधानचा हात पत्त्यावरच थांबला. "कुठला निरंजन? कदी बोलला न्हाईस."

"सगळंच सांगायचं असतंय का?"

समाधानच्या कपाळावर जी आठी पडली, ती पाहून ज्योतीरामला त्या दुपारी पहिल्यांदा बरं वाटलं. पण ते सुख चहा संपेपर्यंतसुद्धा टिकलं नाही. मधुसूदनकाका म्हणाले, "मग आणा त्यांना पुढच्या रविवारी. तुम्ही दोघं विरुद्ध समाधान-सलिल. मी पंच."

"आन की," समाधान म्हणाला. "बघू तर खरं."

निरंजन होता. म्हणजे त्या नावाचा माणूस कंपनीत खरोखरच होता. क्वालिटीत बसायचा, बारीक चष्म्यातून सुटे भाग तपासायचा आणि डबा एकटाच खायचा. घाईत ज्योतीरामला तेवढंच एक नाव सुचलं होतं. त्या निरंजनने उभ्या आयुष्यात पत्त्याला हात लावलेला नव्हता.

सोमवारी कँटीनमध्ये ज्योतीराम त्याच्यासमोर जाऊन बसला. स्वतःच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्याच्या पोळीवर वाढली आणि हात जोडले.

"पण मला किल्वर आणि इस्पिकसुद्धा वेगळे ओळखू येत नाहीत हो," निरंजन घाबरून म्हणाला.

"तीन गोळे ते किल्वर. तुम्ही सूतभर फरक पकडता, हे काय अवघड आहे?"

आठवडाभर डबा खाताना शिकवणी चालली. निरंजन मनापासून शिके आणि मनापासून विसरे. शुक्रवारी त्याने स्वतःच्याच भिडूची पानं कापली. शनिवारी त्याने विचारलं, "दश्शी चांगली की वाईट?" ज्योतीरामच्या घशात घास अडकला. शेवटी तो म्हणाला, "असं करा, तोंडच उघडू नका. कुणी काही विचारलं तर नुसतं हसा."

रविवारी गच्चीवर सतरंजी अंथरलेली होतीच, वर इमारतीतली आणखी चार माणसं बघायला जमली. इस्त्रीचा शर्ट घालून आलेला निरंजन पाहुण्यासारखा अवघडून बसला. समाधानने त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"कुटं शिकलात?"

निरंजन हसला.

"सांगत न्हाईत," समाधान सलिलच्या कानाशी कुजबुजला. "पोचलेला दिसतोय."

डाव सुरू झाला. निरंजनचं प्रत्येक पान पडायला इतका वेळ लागे, की बघ्यांचे श्वास अडकत. खरं तर तो चित्रं ओळखत होता. हुकूम किल्वरचा झाला. समाधान आणि सलिलने पाहता पाहता दोन दश्श्या ओढल्या. ज्योतीरामने कसाबसा आपल्या हिमतीवर हातांचा आकडा जवळ ठेवला आणि एक दश्शी वाचवली. राहिली बदामची. ती कुणाकडे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

सलिलने बदामचा राजा उतरला. एक्का केव्हाच पडून गेला होता, म्हणजे राजाला आता कुणी मोठा नव्हता. पुढचं पान निरंजनचं. त्याच्याकडे बदामची दोनच पानं उरली होती, दुर्री आणि दश्शी. त्याने दोन्हींकडे आळीपाळीने पाहिलं. कपाळावरचा घाम पुसला. आणि सावकाश, अगदी आदराने, राजाच्या पुढ्यात दश्शी ठेवली.

गच्चीवर ‘हाऽऽ’ झालं. पद्माकाकूंनी तोंडाला पदर लावला. ज्योतीरामने डोळे मिटून घेतले.

समाधानने हसत बदामची चौकी टाकली. "टाक रं ज्योत्या, काय असंल ते."

ज्योतीरामने डोळे उघडून स्वतःची पानं पाहिली. त्याच्याकडे बदाम नव्हतं. होती एकुलती एक किल्वरची तिर्री. त्याला क्षणभर स्वतःलाच खरं वाटेना. त्याने ती तिर्री अशी आपटली, की सतरंजीतून धूळ उडाली. हुकूम! राजा गेला, दश्शी आली. दोन-दोन झाल्या, आणि एका जास्तीच्या हाताने डाव ज्योतीरामचा झाला.

"ह्याला म्हणतात भिडूवरचा विश्वास!" मधुसूदनकाका ओरडले. "त्याला कळलं होतं की याच्याकडे हुकूम आहे!"

"कसं वळखलं राव तुमी?" समाधानने पुढे सरकून विचारलं.

निरंजन हसला.

समाधानने ज्योतीरामकडे पाहिलं. त्या नजरेत जळफळाट होता, लखलखीत, अस्सल. ह्याच नजरेसाठी ज्योतीरामने चटणी वाढली होती, घसा कोरडा केला होता. आता तो म्हणेल, ज्योत्या, चुकलं माजं, ये बस समोर. ज्योतीराम तर सरकायच्या तयारीतच होता.

"निरंजनभाऊ," समाधान म्हणाला, "पुढच्या डावाला माज्यासमोर बसा की!"

निरंजन नाही कसं म्हणावं ते न सुचून पुन्हा हसला. समाधानने त्याला हाताला धरून टाकीच्या सावलीतल्या कोपऱ्यात आणून बसवलं. "सलिल, जरा सरक रं भावा."

सलिल उठला. हातात चष्मा घेऊन तो नुसताच पुसत उभा राहिला. त्याचं उतरलेलं तोंड पाहून आपल्याला आनंद होईल असं ज्योतीरामला वाटलं होतं. झालाही, पण थोडाच.

"ज्योतीरामदादा," सलिल त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ह्यांना खरंच येतं का हो एवढं?"

"ओ की ठो येत न्हाई."

सलिलचा चेहरा उजळला. तो सतरंजीच्या मोकळ्या बाजूला, ज्योतीरामच्या समोर जाऊन बसला. ज्योतीरामने पत्ते पिसले आणि वाटले.

पहिली उतारी निरंजनची होती. त्याने बराच विचार केला, चष्मा सारखा केला आणि इस्पिकची दश्शी उतरली.

"बगा!" समाधान बघ्यांकडे वळून अभिमानाने म्हणाला. "ह्येला म्हणत्यात डोकं!"

सलिलने शांतपणे त्यावर एक्का ठेवला. ज्योतीरामने हात उचलून घेतला. समाधान मात्र अजून निरंजनच्या चेहऱ्यावर त्यामागचा खोल डाव शोधत होता.